ईमेल नुसती वाचली तरी वर्म (स्वतःच्या प्रती पसरवणारा घातक प्रोग्राम) शिरतो का?

चौकस
ऑफिसात तीसेक विंडोज मशीन आहेत, मेल आउटलुकवर. 'ओळखीच्या माणसाकडून आलेलीच अटॅचमेंट उघडा' असा नियम आहे. तो पुरेसा आहे का? मेल नुसती वाचली तरी लागण होते की डबल-क्लिक करावंच लागतं? आणि ज्याचं मशीन स्वच्छ आहे, त्याच्या नावाने घाण मेल कशा जातात?

बिनतारी
नियम उलटा पडतोय. वर्म पसरतो तोच ओळखीतून. ४ मे २००० ला फिलिपिन्समधून सुटलेला 'आय लव्ह यू' घ्या. फाइल होती 'लव्ह-लेटर-फॉर-यू.टीएक्सटी.व्हीबीएस'. विंडोज ओळखीची एक्स्टेंशन (नावाच्या शेवटचा, फाइलचा प्रकार सांगणारा भाग) लपवतं, त्यामुळे शेवटचं व्हीबीएस, म्हणजे स्क्रिप्टची खूण, दिसायचं नाही आणि साधी टेक्स्ट फाइल वाटायची. डबल-क्लिक केलं की विंडोज स्क्रिप्ट होस्ट (स्क्रिप्ट चालवणारा विंडोजचा भाग) ती चालवणार. मग सिस्टम फोल्डरमध्ये 'एमएसकर्नल३२.व्हीबीएस' अशा साळसूद नावाने प्रत ठेवायची, रजिस्ट्रीच्या रन कीमध्ये (विंडोज सुरू होताना काय चालवायचं त्या यादीत) नोंद करायची (रीस्टार्टनंतरही जिवंत), आणि आउटलुकच्या ॲड्रेस बुकातल्या सगळ्यांना तीच मेल. जेपीजी फाइलींवर त्याने स्वतःचा कोड लिहिला, त्या गेल्याच. एमपी३ नुसत्या लपवल्या होत्या, त्या परत मिळाल्या. जोडलेले नेटवर्क ड्राइव्हही सुटले नाहीत.

तिसरा पोर्ट
नुसतं वाचून लागण व्हायची, पण त्याला सॉफ्टवेअरमध्ये भोक लागतं. क्लेझ हा वर्म (२००१) इंटरनेट एक्स्प्लोररमधल्या एका चुकीचा फायदा घ्यायचा, प्रिव्ह्यू पेनमध्ये (न उघडता मेल दाखवणाऱ्या चौकटीत) मेल दिसली तरी अटॅचमेंट चालायची. पॅच (चूक दुरुस्त करणारा अपडेट) त्याच वर्षी मार्चमध्ये आला होता, क्लेझ ऑक्टोबरात. पॅच न लावणारेच सापडले.

नावाचं कोडंही क्लेझमध्येच सुटतं. लागण अ च्या मशीनला. त्याच्या डिस्कवर ब आणि क चे पत्ते पडलेले. वर्म स्वतःच्या एसएमटीपी इंजिनाने (मेल पाठवायच्या स्वतःच्या यंत्रणेने), ब च्या नावाने क ला मेल पाठवतो. क शिव्या देतो ब ला, अ ला पत्ताच नाही. म्हणून 'फ्रॉम' सोडा, हेडरमधली (मेलसोबतच्या प्रवासाच्या नोंदींमधली) 'रिसीव्हड' ओळ बघा, तीही फक्त तुमच्या स्वतःच्या सर्व्हरने लिहिलेली. त्याखालच्या ओळी बनावट असू शकतात.

बिनतारी
भर घालतो. इमोटेटसारखे घातक प्रोग्राम चोरलेल्या खऱ्या खात्यातून, जुन्या संवादालाच उत्तर म्हणून मेल टाकत. तिथे हेडर निर्दोष दिसतं.

तीस मशीनसाठी: एक्स्टेंशन दाखवायचं सेटिंग सगळीकडे चालू करा. व्हीबीएस, जेएस, डब्ल्यूएसएफ, एचटीए या स्क्रिप्टच्या फाइली नोटपॅडला जोडा, म्हणजे क्लिक झालं तरी नुसता मजकूर उघडेल. मेल सर्व्हर सोडून बाकी कुणालाही पोर्ट २५ (मेल पाठवायची वाट) बाहेर उघडा नको, स्वतःचं इंजिन घेऊन आलेला वर्म तिथेच अडकतो. पासवर्ड लावलेली झिप गेटवेला (आत येणारी मेल तपासणाऱ्या यंत्रणेला) आतून तपासता येत नाही, ती अडवूनच ठेवा. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो (कागदपत्रात दडलेले छोटे प्रोग्राम) मायक्रोसॉफ्ट ऑफिस २०२२ पासून आपणहून रोखतं खरं, पण लगेच आयएसओ (डिस्कची प्रत असलेली फाइल), शॉर्टकट आणि २०२३ मध्ये वननोटच्या फाइली आल्या. त्याही गेटवेवर अडवा.

लागण झालीच तर आधी नेटवर्कची वायर काढा. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून. मग फॉरमॅट, साफसफाईवर विसंबू नका.

चौकस
बॅकअप नेटवर्क ड्राइव्हवर आहे, रात्री आपोआप होतो.

तिसरा पोर्ट
तो ड्राइव्ह दिवसभर सगळ्यांच्या मशीनला लिहिण्याच्या परवानगीसह जोडलेला असेल, तर लागण झाल्यावर मूळ फाइलींबरोबर तोही जाईल. परवानगी फक्त बॅकअपच्या खात्याला ठेवा आणि आठवड्याची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घेऊन ती डिस्क काढून ठेवा.