फायबरग्लासच्या शिडाच्या होडीला विजेपासून संरक्षण: डोलकाठीला अर्थिंग द्यावे की नाही?

मांडवीकाठ (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे 30 फुटी, एका डोलकाठीची, फायबरग्लासची जुनी शिडाची होडी असून ती गोव्यात मांडवीच्या पात्रात, ब्रिटोनाच्या बाजूला नांगरलेली असते. डोलकाठी ॲल्युमिनियमची आहे आणि तिचे टोक पाण्यापासून साधारण 12 मीटर उंचीवर येते. ती डेकवर उभी केलेली असून तिच्या बरोबर खाली, केबिनमध्ये, तिचा भार पेलणारा सागवानी खांब आहे. कील (होडीचा तोल सांभाळणारा तळाचा जड भाग) शिशाची असली तरी ती पूर्णपणे फायबरग्लासच्या आत बंद आहे. त्यामुळे धातूचा पाण्याशी थेट संबंध येतो तो फक्त होडी ढकलणाऱ्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) दांड्यापाशी आणि तळातल्या ब्रॉन्झच्या झडपांपाशी.

ऑक्टोबरमध्ये किनाऱ्याकिनाऱ्याने मालवणपर्यंत जाऊन यावे असा विचार आहे. परतीच्या पावसात संध्याकाळी ज्या विजा कडाडतात त्या पाहता या होडीवर तडितरक्षकाची काहीच सोय नसणे मला अस्वस्थ करते. या बाबतीत मला मिळालेले सल्ले मात्र एकमेकांच्या विरुद्ध आहेत. ज्या यार्डात होडी दुरुस्तीला जाते तिथल्या मिस्त्रींचे म्हणणे असे, की डोलकाठी पाण्याशी जोडली तर वीज उलट ओढली जाईल, म्हणून आहे ते तसेच राहू द्यावे. एका परिचितांच्या मते डोलकाठीपासून जाड केबल काढून ती तळाशी तांब्याच्या प्लेटला जोडणे अत्यावश्यक आहे. तिसरे एक गृहस्थ म्हणतात, की एवढा खटाटोप कशाला, डोलकाठीच्या टोकावर स्टीलच्या तारांचा ब्रश बसवा आणि वादळ आले की डोलकाठीला आधार देणाऱ्या बाजूच्या तारेला साखळी बांधून ती पाण्यात सोडा. यांतले ग्राह्य काय, हे जाणकारांनी कारणांसह सांगितले तर उपकार होतील.

जहाज_विद्युत

आपल्या मिस्त्रींचा सल्ला फार प्रचलित आहे, पण त्याला आधार नाही. ढगातून खाली येणारा प्रवाह सलग येत नाही; काही दहा मीटरच्या टप्प्यांनी तो वाट काढत येतो आणि नेमका कुठे पडणार हे अगदी शेवटच्या टप्प्यात ठरते. त्या क्षणी खालच्या उंच वस्तूंच्या टोकांतून वर झेपावणाऱ्या प्रवाहांपैकी जो त्याला आधी गाठतो, तिथे वीज पडते. उघड्या पाण्यावर अशी उंच वस्तू एकच असते आणि ती म्हणजे आपली डोलकाठी, मग ती पाण्याशी जोडलेली असो वा नसो. हवेतून किलोमीटर-किलोमीटर वाट फोडत आलेल्या विजेला डोलकाठीच्या बुडापासून पाण्यापर्यंतचे दीड-दोन मीटर लाकूड आणि फायबरग्लास हा अडथळाच नव्हे. न जोडलेल्या होडीवर वीज पडायची थांबत नाही. फरक एवढाच, की पाण्याकडे जाण्याचा रस्ता तेव्हा आपण ठरवलेला नसतो, विजेने ठरवलेला असतो, आणि तो रस्ता होडीच्या कातडीतून, झडपांच्या कडेने किंवा खांबाला टेकून बसलेल्या माणसातून जाऊ शकतो.

म्हणून डोलकाठी जोडावी, हे माझे स्पष्ट मत आहे. पण केबल ओढली आणि प्लेट बसवली की काम झाले, असे आपल्या परिचितांना वाटत असेल तर तेही अर्धेच खरे आहे, आणि आपल्या होडीच्या बाबतीत तर उरलेले अर्धेच अधिक महत्त्वाचे आहे.

प्रथम केबलविषयी. अमेरिकी मानकांनुसार मुख्य वाहक तांब्याचा आणि किमान 21 चौरस मिलिमीटर छेदाचा असावा. तो डोलकाठीच्या बुडापासून शक्य तितका सरळ खाली न्यावा आणि वळण द्यावेच लागले तर त्याची त्रिज्या किमान 20 सेंटिमीटर ठेवावी. विजेचा प्रवाह काही मायक्रोसेकंदांत शिखर गाठतो, त्यामुळे काटकोनात वळवलेल्या तारेत राहण्यापेक्षा तो कोपऱ्यावरून बाहेर उडी मारणे पसंत करतो. डोलकाठीच्या टोकावर एक धातूची कांडी बसवावी आणि ती रेडिओच्या अँटेनासह इतर सर्व वस्तूंपेक्षा किमान 15 सेंटिमीटर उंच असावी. 12 मीटरच्या टोकापासून 45 अंशांनी खाली उतरणारा शंकू डोळ्यांपुढे आणला तर 30 फुटी होडी त्यात पूर्णपणे सामावते. त्या बाजूने आपल्याला काळजी नाही.

काळजी आहे ती खालच्या टोकाची. प्लेटचे क्षेत्रफळ किमान एक चौरस फूट असावे, हा नियम सर्वत्र सांगितला जातो, पण तो खाऱ्या पाण्यासाठी आहे, ही अट सांगताना गळून पडते. एवढ्या प्लेटपासून समुद्राच्या पाण्यात शिरताना प्रवाहाला होणारा रोध ढोबळ हिशेबाने 0.3 ओहम येतो. सर्वसाधारण विजेचा शिखरप्रवाह 30,000 अँपिअर धरला तर प्लेट आणि आसपासचे पाणी यांच्यात नऊ हजार व्होल्टचा फरक पडतो. तो मोठा आहे, पण आवरता येण्याजोगा आहे. गोड्या पाण्याची वाहकता समुद्राच्या पाण्यापेक्षा शेकडो पटींनी कमी असते. त्याच प्लेटचा रोध तिथे शंभर ओहमच्या पुढे जातो, म्हणजे व्होल्टचा आकडा तीस लाखांवर पोहोचतो. इतका दाब चढला की प्रवाह प्लेटची वाट पाहत नाही. केबलपासून जवळच्या झडपेकडे, इंजिनाकडे किंवा थेट तळाच्या भिंतीतून पाण्याकडे उडी घेतो. फ्लोरिडा विद्यापीठातील युअन थॉमसन यांनी वीज पडलेल्या होड्यांचा जो अभ्यास केला, त्यातही गोड्या पाण्यात एका चौरस फुटाची प्लेट अपुरी पडते असेच दिसून आले.

आपली होडी मांडवीत असते. पावसाळ्यात त्या पात्राचा वरचा थर जवळजवळ गोडा होतो आणि नंतरच तो हळूहळू पुन्हा खारट होत जातो. म्हणजे परतीच्या पावसाच्या विजा सुरू होतात तेव्हा आपली होडी ज्या पाण्यात उभी असते, त्याला समुद्राचा हिशेब लागू पडतोच असे नाही. मालवणच्या वाटेवर, उघड्या समुद्रात, एक प्लेट बऱ्यापैकी काम देईल. ब्रिटोनाला नांगरावर असताना तितके देणार नाही.

यावर उपाय असा, की पाण्यात शिरण्याची ठिकाणे एकाऐवजी अनेक करावीत आणि ती होडीच्या मधोमध एकवटण्याऐवजी पाणपातळीच्या जवळ, परिघावर पसरावीत. चौकोनी प्लेटऐवजी तेवढ्याच क्षेत्रफळाची लांब, अरुंद तांब्याची पट्टी घेतली तर अधिक बरे, कारण प्रवाह मुख्यतः कडांमधून बाहेर पडतो आणि पट्टीला कडा जास्त असतात. ब्रॉन्झच्या भुकटीपासून बनवलेल्या सच्छिद्र प्लेटच्या जाहिरातीत तिचे 'प्रभावी क्षेत्रफळ' फार मोठे सांगितलेले असते. विजेसाठी तो आकडा विसरावा. आतल्या छिद्रांतील पाण्याची क्षणात वाफ होऊन अशी प्लेट फुटू शकते.

शेवटी ब्रश आणि साखळीबद्दल. ब्रश हवेत विद्युतभार सोडून देतो आणि त्यामुळे वीज पडतच नाही, हा दावा अद्याप सिद्ध झालेला नाही. ढगात भार ज्या वेगाने साठतो त्यापुढे एका डोलकाठीच्या टोकावरून सुटणारा भार नगण्य असतो. साखळीची कल्पना तर जुनी आहे. जहाजांसाठी तडितरक्षक तयार करणारे ब्रिटिश संशोधक विल्यम स्नो हॅरिस यांच्या आधी ब्रिटिश नौदलात वादळाच्या वेळी डोलकाठीवर चढवून पाण्यात सोडण्याच्या साखळ्या दिलेल्या असत आणि ऐन वेळी त्या बहुधा पेटीतच पडून राहत. हॅरिस यांनी डोलकाठीतच तांब्याच्या पट्ट्या कायमच्या बसवून त्या जहाजाच्या तळाच्या तांब्यापर्यंत नेल्या. 1831 साली डार्विन यांना घेऊन निघालेल्या 'बीगल' जहाजावर हीच व्यवस्था होती आणि 1840 च्या दशकात नौदलाने ती सर्वत्र स्वीकारली. साखळीत दुसरा दोष असा, की तिची प्रत्येक कडी दुसरीला एका ठिपक्यापुरतीच टेकते, शिवाय पाण्यात तिचे क्षेत्रफळ अगदीच थोडे भरते.

देवगडचा_तांडेल

वरील उत्तरातील डोलकाठी पाण्यातल्या तांब्याच्या पट्ट्यांना जोडण्याच्या सल्ल्याला माझी एक पुरवणी आहे. पाण्याखालचे निरनिराळे धातू एकमेकांना जोडले की खाऱ्या पाण्यात त्यांची बॅटरी तयार होते आणि त्यांतला रासायनिकदृष्ट्या अधिक सक्रिय धातू झिजत जातो. पुरेसे झिंक (त्यांच्याऐवजी झिजणारे जस्ताचे तुकडे) लावले नाही तर दोन हंगामांत पंखा किंवा झडप हातात येण्याची वेळ येईल. होडी फायबरग्लासची आहे म्हणून एवढ्यावर निभावते. लाकडी होडीत जोडणी आणि झिंक दोन्ही जास्त झाले तर झडपेभोवतीचे लाकूड मऊ पडून कुजते, हे आमच्याकडच्या सुतारांना चांगले ठाऊक आहे.

दुसरे असे, की ऑक्टोबरमधल्या विजांना वेळापत्रक असते. दुपारी सह्याद्रीवर ढग जमतात आणि संध्याकाळी ते पूर्वेकडून किनाऱ्यावर उतरतात. पहाटे निघून दुपारी दोनच्या आत बंदर गाठणाऱ्याला या भानगडीचा सामना फारसा करावा लागत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' ॲप फोनवर ठेवा, पण किनाऱ्यापासून लांब गेल्यावर रेंज नसते हे ध्यानात धरून डोळे आणि कान उघडे ठेवा. चमकणे आणि गडगडणे यांत तीस सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे.

टॅम्पा_बे_मराठी

मी फ्लोरिडात राहतो. इथे उन्हाळ्यात जवळजवळ रोज दुपारी विजा होतात आणि मरीनामध्ये वीज पडलेली होडी पाहायला मिळणे ही दुर्मीळ गोष्ट नाही. माझ्या शेजारच्या धक्क्यावरील एका होडीवर वीज पडली तेव्हा डोलकाठी जागच्या जागी उभी होती. वाऱ्याचे यंत्र आणि अँटेना मात्र नाहीसे झाले होते आणि टोकाला वितळून घट्ट झालेला एक काळा खुंट तेवढा उरला होता. होडी क्रेनने वर काढल्यावर पाणपातळीच्या रेषेलगत रंगाच्या बारीक खपल्या उडालेल्या दिसल्या आणि प्रत्येक खपलीच्या मध्यभागी जोंधळ्याच्या दाण्याएवढे, कडा तपकिरी पडलेले एकेक छिद्र होते. आतून काहीच दिसत नव्हते. बिल्जमध्ये (होडीच्या तळाच्या पोकळीत) मात्र पाणी येत होते. म्हणून वीज पडल्यावर होडी तरंगते आहे यावर समाधान न मानता ती ताबडतोब पाण्याबाहेर काढून प्रत्येक झडप, खोली मोजणाऱ्या यंत्राचा तळातला ट्रान्सड्यूसर (संवेदक) आणि पंख्याच्या दांड्याचे सील तपासावे. होकायंत्रही पडताळावे, कारण होडीतील लोखंडी भागांत चुंबकत्व येऊन त्याची सुई चुकीची दिशा दाखवू शकते.

इलेक्ट्रॉनिक उपकरणांबाबत अपेक्षा कमी ठेवा. उत्तम अर्थिंग असलेल्या होडीतही ती जळतात, इतकेच नव्हे तर शेजारच्या होडीवर वीज पडली तरी तारांत निर्माण होणाऱ्या दाबाने जळू शकतात. वादळ दिसताच अँटेनाची केबल रेडिओपासून काढून तिचे टोक रेडिओपासून दूर ठेवावे. हातातला रेडिओ, जीपीएस आणि एक फोन होडीतल्या ओव्हनमध्ये ठेवावा. चारही बाजूंनी धातू असलेली ती पेटी विद्युतक्षेत्र बरेचसे अडवते. माणसांनी केबिनमध्ये, खांबापासून दूर बसावे आणि ज्याला बाहेर सुकाणूवर थांबणे भाग आहे त्याने एका हाताने चाक आणि दुसऱ्याने मागची तार असे एकाच वेळी कधीही धरू नये.

मांडवीकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एक उपप्रश्न आहे. या हंगामाआधी तळाला नवीन भोके पाडून पट्ट्या बसवणे शक्य होईल असे वाटत नाही. पंख्याचा दांडा आधीच पाण्यात आहे, तर तूर्त डोलकाठीची केबल इंजिनालाच जोडली तर चालेल का? की मालवणचा बेत रहित करावा?

जहाज_विद्युत

इंजिनाला जोडणे हा मुख्य मार्ग होऊ शकत नाही. इंजिन आणि दांडा यांच्यामध्ये रबराचे लवचीक कपलिंग असेल तर विद्युतमार्ग तिथेच तुटतो. नसेल तर सगळा प्रवाह गिअरबॉक्सच्या बेअरिंगमधून जाऊन त्यांवर खड्डे पाडतो. इंजिन मुख्य वाहकाला दुय्यम जोड म्हणून अवश्य जोडावे, तसेच वाहकापासून सुमारे 1.8 मीटरच्या आत असलेल्या टाक्या, रेलिंगचे खांब व इतर मोठे धातूही 13 चौरस मिलिमीटरच्या तारेने जोडावेत, म्हणजे त्यांच्यात आपसांत ठिणगी उडणार नाही. पण विजेने पाण्यात शिरायचे ते इंजिनातून नव्हे.

बेत रहित करण्याचे कारण मला दिसत नाही. या हंगामापुरते असे करता येईल: एक चौरस फुटाच्या दोन तांब्याच्या प्लेट घ्या, प्रत्येकीला 21 चौरस मिलिमीटरची केबल केबलच्या टोकाला दाबून बसवलेल्या (क्रिम्प केलेल्या) धातूच्या लगने आणि बोल्टने पक्की करा आणि दुसऱ्या टोकाला बॅटरीच्या जम्पर केबलला असतात तसले भक्कम चिमटे लावा. ढग दिसू लागताच एक चिमटा डावीकडच्या आणि दुसरा उजवीकडच्या मुख्य तारेच्या बुडाशी, डेकच्या वर, लावून प्लेट बाजूने पाण्यात सोडा. केबल होडीच्या बाहेरून जात असल्याने केबिनमधून प्रवाह नेण्याचा प्रश्नच उरत नाही आणि पाण्यात शिरण्याची ठिकाणेही आपोआप दोन होतात. ही कायमच्या व्यवस्थेची बरोबरी करणार नाही आणि साखळीचा जो ऐन वेळी विसरण्याचा दोष मी वर सांगितला तो हिलाही लागू आहे, म्हणून केबल लॉकरच्या तळाशी न ठेवता कॉकपिटमध्ये हाताशी ठेवा. प्लेट लोंबत असताना इंजिन चालवावे लागले तर केबलची लांबी इतकीच ठेवा, की ती पंख्यापर्यंत पोहोचणार नाही.

पुढच्या मे महिन्यात होडी वर काढाल तेव्हा पट्ट्यांचे काम करून घ्या. त्या पाणपातळीच्या थोड्या खाली, दोन्ही बाजूंना, डोलकाठीच्या तारांच्या रेषेत बसवाव्यात. प्रत्येक पट्टीला किमान दोन बोल्ट असावेत आणि जवळची झडप त्यांपासून शक्य तितकी दूर असावी. तांडेलांनी झिंकबद्दल सांगितलेले मला मान्य आहे; पट्ट्या जोडल्यावर पहिल्या वर्षी झिंक दर दोन महिन्यांनी पाण्यात उतरून पाहावे आणि झिजण्याचा वेग कळल्यावरच पुढचे अंतर ठरवावे. यार्डाला एवढे मात्र लेखी सांगून ठेवा, की तळाला रंग देताना पट्ट्यांवर रंग लावायचा नाही. बहुतेक ठिकाणी रंगारी सवयीने सगळ्यावर ब्रश फिरवून मोकळा होतो.