विशाखापट्टणम ते पुरी: मे महिन्यात म्हातारी माणसं असतील तर

दादा, आईबाबा आणि दोन पोरं घेऊन मे महिन्यात विशाखापट्टणमहून पुरीला कारनं जायचं की रेल्वेनं, असं तुम्ही विचारलंय. रेल्वेनंच जा जी. रस्ता चांगला आहे, पण साडेचारशे किलोमीटरच्या आसपास पडतो. म्हाताऱ्या गुडघ्यांना तो झेपत नाही.

आम्ही गोंदियाहून रायपूर, रायगडा मार्गे विशाखापट्टणमला उतरलो आणि पुढची गाडी मुद्दाम दिवसाची धरली. गाडीच्या तोंडाकडे पाहून उजवीकडची खिडकी घ्या. बालुगावच्या आसपास चिलिका सरोवर दिसतं. माझ्या आईनं जन्मभर गावचा तलावच पाहिलेला; पदर तोंडाशी धरून ती नुसती पाहतच राहिली.

उन्हाचं म्हणाल तर आपलं ४५ डिग्री परवडलं. तिथं पारा कमी, पण घाम वाळतच नाही. सुती कपडे जास्तीचे घ्या, कोणार्क सकाळीच उरका. पुरीच्या लाटा फार ओढतात, पोरांचा हात सोडू नका.

तिकिटं ६० दिवस आधी सुटतात, त्याच सकाळी काढा. आषाढातली रथयात्रा मात्र आईबाबांसोबत टाळाच.