अंगदुखी, झोप नाही, रोजची अल्प्राझोलाम: प्राथमिक आरोग्य केंद्रात (पीएचसी) नैराश्याचा उपचार कुठून सुरू करायचा?

ग्रामीण_एमओ
ओपीडीत वारंवार दिसणारं चित्र एका प्रातिनिधिक केसच्या रूपात मांडतो. बाई ४६ वर्षांच्या, शेतमजुरी करणाऱ्या. तीन महिने सर्वांगाला ठणका, डोकं जड, जीव घाबरा होतो, पहाटे तीनला जाग आली की पुन्हा डोळा लागत नाही. "उदास वाटतं का?" विचारलं तर "नाही, नुसतं अंग दुखतंय." पीएचक्यू-९ (नैराश्यासाठीची नऊ प्रश्नांची प्रश्नावली) चा स्कोअर १६. हिमोग्लोबिन ९.४, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि साखर नॉर्मल. बीपीसाठी हायड्रोक्लोरोथायझाइड (थायझाइड गटातली गोळी) चालू. आठ महिने रोज रात्री अल्प्राझोलाम (घबराट-झोपेसाठीची, सवय लागू शकणारी गोळी) ०.५ मिग्रॅ, शिवाय दुखण्यासाठी दुसरीकडून आणलेली ट्रामाडॉलची गोळी.

१६ स्कोअर म्हणजे निदान झालं का? एस्सिटालोप्राम (नैराश्यावरची, एसएसआरआय गटातली गोळी) कितीपासून द्यायची? आणि अल्प्राझोलाम आधी बंद करायची की नंतर?

मनोविकार_ओपीडी
नाही, १६ म्हणजे निदान नव्हे. पीएचक्यू-९ ही चाळणी चाचणी आहे. आधी बघा, ते १६ गुण कुठल्या प्रश्नांतून आलेत. झोप, थकवा आणि भूक या तिन्हींत पैकीच्या पैकी (प्रत्येकी तीन) मिळाले तर नऊ गुण तिथेच होतात, आणि ९.४ हिमोग्लोबिन किंवा पाळी जाण्याचा काळ यांनीही ते वाढू शकतात. पहिल्या दोन प्रश्नांपैकी (कशात रस न वाटणं, मन खिन्न असणं) एक तरी लक्षण दोन आठवडे, बहुतेक दिवस हवंच. एकूण नवापैकी पाच लक्षणं हवीत आणि रोजच्या कामावर परिणाम दिसायला हवा.

"उदास वाटतं का" या प्रश्नाला आपल्याकडे "नाही" हेच उत्तर बहुधा येतं. त्याऐवजी विचारा: "आधी ज्यात मन रमायचं, भजन, नातवंडं, शेजारणीकडे बसणं, तिथं आता जावंसं वाटतं का?" बाईंशी एकांतात बोला. नवरा किंवा सासू समोर असताना दारू, मारहाण, कर्ज यातलं काहीच बाहेर येत नाही.

गोळी लिहिण्याआधी दोन गोष्टी सुटता कामा नयेत.

पहिली, जुना मॅनिया (मन अति चढलेलं, अतिउत्साही असण्याचा काळ). "कधी सलग चार-पाच दिवस दोन-तीन तास झोपूनही थकवा नव्हता, बोलणं भराभर, पैसे उधळले, घरचे म्हणाले हिला झालंय काय, असं घडलं होतं का?" हे नातेवाइकांनाही विचारा. उत्तर 'हो' असेल तर नुसतं अँटीडिप्रेसंट देऊ नका, मॅनिया उसळू शकतो. अशा रुग्णाला आमच्याकडे पाठवा.

दुसरी, आत्महत्येचे विचार. पायरीपायरीने विचारा: जगणं नकोसं वाटतं का, मरावं असं मनात येतं का, कसं ते ठरवलंय का, आधी प्रयत्न केला होता का, घरात फवारणीचं औषध कुठे ठेवतात. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. बेत ठरलेला असेल तर त्याच दिवशी रेफर करा आणि तोवर एकटं सोडू नका.

क्लिनिकल_फार्मा
औषधांचं सांगतो. एस्सिटालोप्राम ५ मिग्रॅ सकाळी, नाश्त्यानंतर, सात दिवस. मग १० मिग्रॅ. थेट १० वर गेलात तर मळमळ आणि बेचैनी जास्त होते, आणि आधीच जीव घाबरणारी बाई तिसऱ्या दिवशी गोळी टाकून देते.

ट्रामाडॉल आजच बंद. एसएसआरआयसोबत सेरोटोनिन सिंड्रोमचा (शरीरात सेरोटोनिन अति वाढल्याने होणारा गंभीर त्रास) आणि झटक्यांचा धोका असतो. त्याऐवजी डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळीही नको: ती आणि एसएसआरआय मिळून पोटात रक्तस्राव होऊ शकतो, आणि इथे रक्त आधीच कमी आहे. पॅरासिटामॉल पुरे. लोहाच्या गोळ्या सुरू करा.

थायझाइड आणि एसएसआरआय दोन्हींनी सोडियम उतरतं. मळमळ, डोकेदुखी, गळाठा ही त्याची लक्षणं हुबेहूब गोळीच्या सुरुवातीच्या त्रासासारखी असतात, म्हणून ती नजरेतून सुटतात. जमत असेल तर बीपीसाठी थायझाइडऐवजी अम्लोडिपिनवर आणा. नाहीतर दोन आठवड्यांनी सोडियम तपासाच.

अल्प्राझोलाम एकदम तोडू नका. आठ महिन्यांनंतर अचानक बंद केली तर झोप उडते, हात थरथरतात, फिटही येऊ शकते. एस्सिटालोप्रामचा गुण येईपर्यंत तीन-चार आठवडे तीच मात्रा ठेवा. मग ०.२५ च्या गोळ्या देऊन दर दोन आठवड्यांनी अर्धी गोळी कमी करा: ०.५, ०.३७५, ०.२५, ०.१२५, बंद. अडखळलं तर त्याच पायरीवर थांबा, मागे जाऊ नका.

स्टॉकमध्ये आहे म्हणून अमिट्रिप्टिलिन (नैराश्यावरचं जुन्या गटातलं औषध) लिहिण्याचा मोह टाळा. १०-२५ मिग्रॅने दुखणं आणि झोप सुधारेल, पण नैराश्यासाठी तो डोस अपुरा आहे, आणि साठवलेल्या गोळ्या एकदम घेतल्या तर जीवघेण्या ठरतात.

चौथ्या आठवड्यात पीएचक्यू-९ पुन्हा करा. फारसा फरक नसेल तर आधी गोळ्या खरंच घेतल्या का ते बघा, मग एस्सिटालोप्राम १५-२० मिग्रॅपर्यंत न्या. बरं वाटू लागल्यानंतरही ९ ते १२ महिने चालू ठेवायची.

ग्रामीण_एमओ
आभार. नवरा म्हणतो, "सवय लागेल." आणि इथे समुपदेशक नाही. काय करावं?

समुपदेशन_कक्ष
नवऱ्याला स्पष्ट सांगा: सवय लागणारी गोळी ती आधीपासून घेतेय, रात्रीची. नव्या गोळीची तशी ओढ लागत नाही. मात्र एकदम सोडली तर चक्कर, डोक्यात करंट बसल्यासारखं होतं, म्हणून तीही हळूहळूच थांबवायची. "गुण यायला दोन ते चार आठवडे, त्रास मात्र पहिल्या आठवड्यात" हे वाक्य पहिल्याच भेटीत दोघांसमोर बोला. बरेच उपचार सुरुवातीच्या आठवड्यांतच सुटतात, ते बहुधा हे न सांगितल्यामुळे.

समुपदेशक नसला तरी काम अडत नाही. गोव्यात 'संगाथ' संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रशिक्षित सामान्य कार्यकर्त्यांकडून ६ ते ८ बैठकांचा, प्रत्येकी अर्ध्या-पाऊण तासाचा कार्यक्रम राबवला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नेहमीच्या उपचारापेक्षा त्याचा फायदा दिसला. तुमच्या सिस्टरही प्रशिक्षण घेऊन हे करू शकतील. बाईंचा दिवस तासातासाने लिहून घ्या, सर्वात जड जाणारी वेळ शोधा आणि तिथे एकच छोटं काम बसवा: सकाळी सातला शेजारणीबरोबर ओढ्यापर्यंत दहा मिनिटं चालणं. कुठे, कधी, कोणाबरोबर हे ठरलेलं हवं. पुढच्या भेटीत झालं का विचारा. नसेल तर काम अर्धं करा. चूक बहुधा दोन ठिकाणी होते: काम फार मोठं दिलं जातं, किंवा "स्वयंपाक करा" असं घरकामच दिलं जातं, ज्यातून मनाला काहीच मिळत नाही.

गोळ्या सुरुवातीला आठवड्याच्याच द्या, त्या घरातल्या भरवशाच्या माणसाकडे राहू द्या. फवारणीचं औषध घराबाहेर, कुलपात, किल्ली त्याच माणसाकडे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर केसपेपरवर लिहून द्या. तो मोफत आहे, २४ तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.