मदत हवी आहे: हात न लावू देणाऱ्या मांजरीला गोळी कशी द्यायची?

मैत्रिणीच्या पायाचं ऑपरेशन झालंय, जिने उतरायला बंदी, म्हणून ती रोज ज्या 3 भटक्या मांजरांना खायला घालते त्यांचं काम सध्या माझ्याकडे आहे. दोघं गुणी बाळं आहेत. तिसरी करडी मांजर मात्र हातभर लांब बसून नुसती बघत राहते, आणि तिच्या शेपटीखाली तांदळाच्या दाण्यांसारखे जंत चिकटलेले दिसले. डॉक्टरांना फोटो दाखवला, त्यांनी अंदाजे 3 किलो वजन धरून जंताची अर्धी गोळी दिलीय.

पहिल्या दिवशी गोळी कुस्करून ओल्या खाण्यात मिसळली तर वास घेऊन पंजाने माती ओढल्यासारखं करून निघून गेली (अपमानच की!), दुसऱ्या दिवशी अख्खा तुकडा माशात लपवला तर मासा खाल्ला आणि गोळी चाटूनपुसून बाजूला. मानेवर लावायचं औषध जमणार नाही, जवळच येत नाही. पिंजरा नाहीये. पिल्लं पाजत नाहीये, हे डॉक्टरांना सांगितलंय.

मैत्रीण वरून खिडकीतून रोज विचारते, झालं का? तर कडू गोळीचा वास कशाने झाकला जातो, आणि बाकीच्या दोघांनी तोंड न घालता ती हिच्याच पोटात जाईल असं कसं करायचं?