मदत हवी आहे: ओल्या पुठ्ठ्याची घट ब्लॉकचेनच्या हिशेबात कशी बसवायची?

खानापूर भागातल्या एका सुका कचरा केंद्रासाठी हायपरलेजर फॅब्रिकवर (ठरावीक सदस्यांपुरती खासगी ब्लॉकचेन) नोंदवही उभी करतोय. नोंदी करणारे तिघे: नगरपंचायत, वर्गीकरण करणारा महिला बचत गट आणि भंगार खरेदीदार. साधा डेटाबेस एकाच्याच ताब्यात राहतो. बायकांचे पैसे वजनावर ठरतात, म्हणून तिघांची सही हवीच.

प्रत्येक पोत्याला क्यूआर आहे. वजन काट्याच्या आरएस-२३२ पोर्टमधून थेट फोनमध्ये येतं, आकडा हाताने टाकायची सोय मुद्दाम ठेवलेली नाही. फोटो बाहेर, साखळीवर फक्त त्याचा हॅश (फोटो बदलला तर ओळखू येईल असा छोटा डिजिटल ठसा). रेंज नसेल तर नोंद फोनवर सही होऊन थांबते, नंतर चढते. इथवर ठीक चाललंय.

अडतंय ते पुढे. एका पोत्यातून बाटल्या, दुधाच्या पिशव्या, पुठ्ठा असं वेगळं होतं आणि अनेक पोत्यांतल्या पुठ्ठ्याचा एक गठ्ठा बांधला जातो. आपल्याकडच्या पावसात पुठ्ठा भिजून येतो, वाळला की वजन उतरतं. बेरीज जुळत नाही, चेनकोड (साखळीवरचे नियम तपासणारा प्रोग्रॅम) व्यवहार नाकारतो. पुठ्ठ्याची शिल्लक एकाच की-खाली (म्हणजे एकाच नोंद-नावाखाली) ठेवली, तर दोन फोन एकदम सिंक होताना एमव्हीसीसी संघर्ष (एकच किंमत दोघांनी एकाच वेळी बदलल्याची अडचण) येऊन एक नोंद बाद होते. प्रत्येक भर वेगळ्या की-खाली लिहिल्यावर ते थांबलं, पण कुठलं पोतं कुठल्या गठ्ठ्यात गेलं याचा माग तुटला.

पब्लिक साखळी नको, दर नोंदीचं शुल्क परवडणार नाही. पडदे कन्नड आणि मराठी दोन्हीत लागतील.

घट हा तिघांच्या सहीचा वेगळा व्यवहार करायचा, की चेनकोडमध्येच टक्केवारीची सूट ठेवायची? आणि सूट ठेवली, तर तिच्या आडून होणारी चोरी पकडायची कशी?