सुट्टीत कोल्हापूरला जाताय? टाऊन हॉल आणि मांढरे संग्रहालय

मंडळी, नमस्कार.

गावी जाणाऱ्यांनी काय बघावं ते विचारलं होतं. मी सध्या कोल्हापुरातच आहे. अंबाबाई, रंकाळा, मिसळ होतंच सगळ्यांचं. यंदा सीपीआर रुग्णालयासमोरच्या टाऊन हॉलमधल्या वस्तुसंग्रहालयासाठी एक सकाळ राखून ठेवा. कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी मूर्ती तिथं आहे. पण मी लिहितेय ते चित्रकार आबालाल रहिमान यांच्या चित्रांसाठी. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून हा माणूस कोल्हापूरला परतला, शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार केलं, आणि त्यांनी आयुष्यभर कोटीतीर्थ तलावाचा परिसर रंगवला. १९३१ साली ते गेले. पाण्यावरचा उजेड जलरंगात इतका हळुवार पकडलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही. शस्त्रांच्या दालनात गर्दी असते, इथं माणूस नसतो. याचं मला फार वाईट वाटतं.

राजारामपुरीत चंद्रकांत मांढरे यांचं संग्रहालयही बघा. सिनेमातले चंद्रकांत आपल्याला माहीत असतात, पण त्यांनी राहतं घर आणि चित्रं सरकारला देऊन टाकली. पावडर शेडिंगची, म्हणजे रंगाच्या कोरड्या पुडीनं छटा देऊन काढलेली त्यांची चित्रं अगदी जवळ जाऊन बघा.

- - -

ताई, यादीबद्दल आभार. पण माझी मुलं दहा नि सात वर्षांची, मराठी वाचता येत नाही. कंटाळतील का?

- - -

सगळं दाखवायला गेलात तर कंटाळतील. आबालालांचं एकच चित्र निवडायला सांगा, वहीत काढू द्या, आणि त्याच संध्याकाळी शाहू मिलजवळच्या कोटीतीर्थावर न्या. आता आजूबाजूला वस्ती वाढलीय, तरी ऊन कलताना पाण्याचा रंग बघून पोरं आपणहून बोलायला लागतात. माझ्या भाचीनं तिथं बसून पानंच्या पानं भरली.

- - -

ताई, चित्रकार आणि सिनेदिग्दर्शक बाबूराव पेंटरांना विसरू नका! आनंदराव पेंटरांबरोबर नाटकाचे पडदे रंगवले, कॅमेरा स्वतः बनवला, १९२० साली 'सैरंध्री' हा मूकपट काढला. त्यांचं चित्रकाम बघितल्याशिवाय त्यांचा सिनेमा कळत नाही, असं माझं ठाम मत आहे. आणि सोमवारी टाऊन हॉल बंद असतो, हे सगळ्यांना कळवा.

- - -

बरोबर काका, बाबूरावांची चित्रंही टाऊन हॉलमध्येच आहेत. जुलैत कोण कोण येतंय ते कळवा, मी सोबत येईन.