शब्द सगळे कळले, वाक्य गेलं डोक्यावरून: इंग्रजी वाक्प्रचारांनी केलेल्या फजितीचे तुमचे अनुभव लिहा

मंडळी, परवा भाचीने अभ्यास करता करता विचारलं, मामा रेन चेक म्हणजे काय रे, आणि मी पाच मिनिटं नुसता हसत बसलो, ती वैतागून उठून गेली. म्हणून हा धागा.

२०११ चा जुलै. मी हिंजवडीत नोकरीला, शिकागोहून मोठे साहेब आठवडाभरासाठी आलेले. आई म्हणाली एकटा माणूस आहे, शनिवारी जेवायला बोलाव, पुरणपोळ्या करते. मी साहेबांना विचारलं तर ते गोड हसून म्हणाले, आय विल टेक अ रेन चेक. मी खिडकीबाहेर बघितलं, भुरभुर चालू होती. म्हटलं सर डोन्ट वरी, गाडी अगदी दारापर्यंत जाते आणि छत्री पण आहे. ते परत हसले. मला वाटलं ठरलं!

शनिवारी सकाळपासून घरात पुरण शिजतंय, शेजारच्या काकू पोळ्या लाटायला आल्यात, आणि संध्याकाळी मी हॉटेलवर न्यायला गेलो तर साहेब हाफ पँटवर टीव्ही बघतायत. दोघांचेही चेहरे बघण्यासारखे झाले असणार. पण माणूस चांगला, दहा मिनिटात कपडे बदलून आला आणि चार पोळ्या तुपाबरोबर हाणल्या. गाडीत त्यानेच समजावलं की बेसबॉलची मॅच पावसाने धुऊन निघाली की तिकिटाचा अर्धा तुकडा पुढच्या मॅचला चालतो, तो रेन चेक. म्हणजे आत्ता नको, पुन्हा कधीतरी. थोडक्यात त्याने मला नाही म्हटलं होतं.

मला तेव्हापासून वाटतं की अवघड शब्दांनी माणूस फसत नाही, अडतो आणि डिक्शनरी उघडतो. इथे रेन पण पहिलीतला, चेक पण पहिलीतला, मग कशाला कोण उघडतंय? आपण मान डोलावतो आणि तिथेच मरतो.

तर लिहा. स्वतःचे अनुभव हवेत, व्हॉट्सॅपवर आलेले नकोत. आणि ते पाय मोडायचं आणि कुत्र्यामांजरांच्या पावसाचं कृपया कोणी लिहू नका, सगळ्यांना पाठ आहे.

भरली वांगी

मी पहिली! मेलबर्नला येऊन तीन आठवडे झाले होते, मुलाच्या शाळेतल्या एका आईने बार्बेक्यूला बोलावलं आणि मेसेजमध्ये लिहिलं, प्लीज ब्रिंग अ प्लेट. मी नवऱ्याला म्हटलं बघ किती मोकळी माणसं, भांडी कमी आहेत तर सरळ सांगतात, आपल्याकडे लाजेखातर शेजारून उसनी आणतील. मी एक कशाला, सहा नेल्या. स्टीलच्या, लग्नातल्या, खाली नाव कोरलेल्या. तिथे जाऊन बघते तर प्रत्येकीच्या प्लेटमध्ये काहीतरी करून आणलेलं, केक, सॅलड, आणि माझ्या सहा ताटल्या चकाचक रिकाम्या. इथे ब्रिंग अ प्लेट म्हणजे पदार्थ करून आणा. आपला डबा पार्टीचाच प्रकार, पण डबा म्हणा ना मग! एका आजींनी हळूच सांगितलं की तू काही पहिली नाहीस, बाहेरून आलेली निम्मी माणसं पहिल्यांदा रिकामी प्लेटच आणतात.

झोपाळू

हाहाहा लग्नातल्या ताटल्या

लेट लतीफ

मूळ किस्सा भारी. न्यू जर्सीत नऊ वर्षं काढली त्यावरून सांगतो, अमेरिकन ऑफिसातले निम्मे वाक्प्रचार बेसबॉलमधून येतात आणि आपण तो खेळ बघितलेला नसतो हाच खरा घोळ. टच बेस, बॉलपार्क फिगर, कर्व्हबॉल, आउट ऑफ लेफ्ट फील्ड, स्टेप अप टू द प्लेट. (वरच्या ताईंची प्लेट वेगळी, ही होम प्लेट, जिथे बॅटर उभा राहतो.) मला मॅनेजरने बॉलपार्क फिगर मागितला, म्हणजे साधारण अंदाज, आणि मी दोन दिवस बसून पैशापैशापर्यंत हिशोब काढला. तो मान हलवत म्हणाला अरे मला नुसतं पन्नास हजार की पाच लाख एवढंच हवं होतं.

पण एकदा उट्टं निघालं. लंडनच्या टीमबरोबर कॉल होता आणि तिकडचा एकजण म्हणाला वुई आर ऑन अ स्टिकी विकेट हिअर. अमेरिकन सगळे गप्प. मी एकटा हसलो आणि मग सगळ्यांना क्लास घेतला की पूर्वी पिच झाकत नसत, पाऊस पडून वर ऊन आलं की ओली विकेट सुकताना चेंडू कसाही उसळायचा वळायचा, बॅट्समनची वाट लागायची. शिवाजी पार्कवर मोठं झाल्याचा करिअरमध्ये झालेला हा एकमेव फायदा.

मिरजेची सिस्टर

मी नर्स आहे. मिरजेत नर्सिंग केलं, आता सहा वर्षं यॉर्कशरमध्ये. परीक्षेत इंग्रजीचे मार्क चांगले होते म्हणून जरा हवेतच होते, ती हवा पहिल्याच आठवड्यात गेली.

पहिल्या दिवशी वॉर्डात जो तो विचारतोय यू ऑलराइट? मी घाबरले, म्हटलं माझा चेहरा उतरलाय का, आजारी दिसतेय का, आणि प्रत्येकाला खुलासा करत सुटले की झोप झाली नाही, प्रवासाचा शीण आहे. आठवड्याने कळलं ते नुसतं हॅलो आहे, उत्तर ऐकायला कोणी थांबत पण नाही.

मग एक ८८ वर्षांचे आजोबा म्हणाले, लव्ह, आय नीड टू स्पेंड अ पेनी. मी म्हटलं कँटीन खाली आहे, काय आणू? ते परत तेच, जरा कळवळून. मी म्हटलं पैशाची काळजी करू नका. शेवटी शेजारच्या कॉटवरचा पेशंट ओरडला ही नीड्स द टॉयलेट! जुन्या काळी तिथल्या सार्वजनिक संडासाच्या दाराला कुलूप असायचं, एक पेनी टाकली की उघडायचं, त्यावरून. आता तरुण मुलं हे बोलत नाहीत, पण माझे पेशंट तरुण कुठेत.

वॉटरवर्क्स म्हणजे लघवीचा त्रास, मी आधी पाणीपुरवठा खातंच समजले होते. पिन्स अँड नीडल्स म्हणजे आपल्या मुंग्या. त्यांना सुया टोचतात, आपल्याला मुंग्या येतात, त्रास तोच. पॉप्ड हिज क्लॉग्स म्हणजे माणूस गेला, आणि हे मला गेलेल्याच्या बायकोने स्वतः सांगितलं, चहा पिता पिता, मी म्हटलं ओ नाइस. अजून आठवलं की अंगावर काटा येतो.

पण एक हसण्यासारखा नाही. एक बाई म्हणाल्या आय हॅव कम ओव्हर ऑल फनी. फनी ऐकून मी हसले त्यांच्याकडे बघून. माझ्या सीनियरने ते ऐकलं, धावत आली, आधी त्यांना आडवं केलं आणि बीपी घेतलं तर पार खाली गेलेलं. कम ओव्हर फनी म्हणजे आपलं "कसंतरीच होतंय". मिरजेत एखाद्या मावशीने कसंतरीच होतंय म्हटलं असतं तर मी जागची उडाले असते ना? शब्द तर त्यात पण काही नाही, कसंतरीच म्हणजे नक्की कसं? त्या बाई बऱ्या होऊन घरी गेल्या, पण तेव्हापासून मी कळलं नाही तर सरळ विचारते, सॉरी, व्हॉट डज दॅट मीन. पेशंटना उलट मजा वाटते समजावून सांगायला.

चहात साखर कमी

सिस्टर, कसंतरीच होतंय हे अगदी पटलं. माझा अनुभव उलटा आहे, मीच समोरच्याला घाबरवलं. टेक्सासमध्ये इंटरव्ह्यू, मी छातीठोक सांगितलं, आय पास्ड आउट फ्रॉम कॉलेज इन २००९. समोरची बाई एकदम गंभीर, आर यू ओके नाऊ? मी म्हटलं येस येस, फर्स्ट क्लास. अमेरिकेत पास आउट म्हणजे चक्कर येऊन पडणं! आणि आपण सगळे बिनधास्त वापरतो. बरं हे आपल्या घरचं पण नाही, मूळ लष्करी ब्रिटिश इंग्रजी आहे. खडकवासल्याला एनडीएत पासिंग आउट परेड होतेच की, तिथे कोणी चक्कर येऊन पडायला जात नाही. (उन्हात पडत असतील एकदोन.) आउट ऑफ स्टेशनचं पण तसंच, साहेबाच्या काळातलं स्टेशन म्हणजे नेमणुकीचं गाव, आपण आज पण आउट ऑफ स्टेशन जातो आणि लोकांना वाटतं हा रेल्वे स्टेशनच्या बाहेर उभा आहे.

धागाकर्ता

फर्स्ट क्लास! खुर्चीवरून पडलो. (पास आउट नाही झालो.)

फाइलवाला

निवृत्त आहे, मंत्रालयात ३१ वर्षं काढली. मुलगा लंडनच्या कंपनीत, त्याचं अमेरिकन ऑफिसशी भांडण झालं ते सांगतो. हे म्हणाले लेट्स टेबल धिस, अमेरिकन म्हणाले ओके, आणि पुढच्या मीटिंगला तो विषयच अजेंड्यावर नाही. चिडाचिड, मेलामेली. मुलगा मला फोनवर सांगत होता आणि मी म्हटलं अरे टेबल करणे म्हणजे चर्चेला घेणे, आपण सभागृहाच्या पटलावर ठेवणे म्हणतो, ते पटल म्हणजे हेच टेबल, इंग्रजांच्या पार्लमेंटवरूनच आलेलं. तर म्हणाला बाबा, अमेरिकेत टेबल करणे म्हणजे विषय बाजूला सारणे. बरोब्बर उलट! नंतर वाचनात आलं की दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन लष्करी अधिकारी याच शब्दावरून बराच वेळ हमरीतुमरीवर आले होते आणि शेवटी लक्षात आलं की दोघांनाही एकच गोष्ट हवी आहे. चर्चिलने आठवणींत लिहून ठेवलंय. आमच्याकडे मात्र एकदा पटलावर ठेवलेला कागद दोन्ही अर्थांनी टेबल व्हायचा, ते सोडा.

बांधावरचा

तुम्ही सगळे परदेशातले, माझं जिल्हा परिषदेच्या शाळेतलं ऐका. आमच्या सरांनी शंभर वाक्प्रचार पाठ करायला दिलेले, बाय हूक ऑर बाय क्रूक म्हणजे येनकेन प्रकारेण, आता येनकेन म्हणजे काय ते कोणाला माहिती होतं? इंग्रजी कळेना म्हणून संस्कृत पाठ केलं, असा सगळा कारभार.

सिट ऑन द फेन्स ला मी सरांना विचारलं होतं, सर कुंपणावर बसायचं कसं? आमच्याकडे कुंपण म्हणजे बाभळीच्या काट्या टाकलेल्या. कोण बसणार त्याच्यावर! सर म्हणाले गप बस, परीक्षेत येतंय. ते नुसतं तळ्यात-मळ्यात म्हणाले असते तर एका सेकंदात कळलं असतं.

एकच वाक्प्रचार मात्र न शिकवता कळला. बर्न द मिडनाइट ऑइल. दहावीला होतो तेव्हा भारनियमन बारा बारा तास, रेशनचं रॉकेल, चिमणीपुढे बसून अभ्यास, सकाळी नाकात काजळी. सरांनी फळ्यावर अर्थ लिहिला, रात्री जागून अभ्यास करणे. मी म्हटलं यात वाक्प्रचार काय आहे, हे तर कालचंच सांगतायत. पुढे पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करताना अभ्यासिकेत एसी आणि ट्यूबलाइटखाली तोच वाक्प्रचार परत आला, बाजूचा पोरगा पाठ करत होता, मला हसूच आलं.

पंचांगवाले काका

वन्स इन अ ब्लू मून चं कोणीच काढलं नाही म्हणून लिहितो. मला वाटायचं चंद्र निळा दिसत असेल कधीतरी. निळाबिळा काही नाही, एका इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा आल्या की दुसरीला ब्लू मून म्हणतात. गंमत म्हणजे हा अर्थ पण चुकीतून आलाय, जुना हिशोब एका ऋतूत चार पौर्णिमा आल्या तर तिसरी असा होता, १९४६ साली एका अमेरिकन खगोल मासिकात लेखकाने चुकीचा लावला आणि तोच रूढ झाला. म्हणजे ज्यांची भाषा त्यांचंही चुकतं, मग आपण का लाजायचं.

पण खरी मजा पुढे. बारा चांद्रमास ३५४ दिवसांचे, वर्षाला ११ दिवस कमी पडतात, ते साठत गेले की साधारण पावणेतीन वर्षांनी एक पौर्णिमा जादा होते. अहो हा तर आपला अधिक मास! १९ वर्षांत ७, दोन्हीकडे गणित तेच. २०२० ला अधिक आश्विन, त्याच ऑक्टोबरात ब्लू मून. २०२३ ला अधिक श्रावण, ऑगस्टमध्ये ब्लू मून. आकाशातली गोष्ट एकच, पण त्यांनी त्यातून क्वचित घडणारी गोष्ट काढली, आणि आपण काढलं दुष्काळात तेरावा महिना. क्वचितला आपल्याकडे सटीसामासी आहेच.

भरली वांगी

काका, हे भन्नाट आहे, आजच मुलाला सांगते. धागाकर्ते, साहेब परत आले का हो कधी? रेन चेक वापरला का त्यांनी?

धागाकर्ता

आले ना! २०१५ च्या जुलैमध्ये, आणि काकांचं वाचून आत्ता कॅलेंडर उघडून बघितलं तर तेव्हा अधिक आषाढ होता आणि महिन्याअखेरीला दुसरी पौर्णिमा पण. यावेळी त्यांनीच विमानतळावरून विचारलं, आई कशी आहे. घरी जावयासाठी अनारसे केलेले, त्यांना पण वाढले. एक खाल्ला, डोळे मिटले आणि म्हणाले, दीज आर टू डाय फॉर. आईला तेवढा डाय शब्द कळतो. ती हातातला झारा तसाच धरून बाहेर आली आणि मला म्हणाली, काय झालं रे, खवट निघाले का?